उतारू : 'रोड' नावाच्या स्टेशनांचा जिल्हा

भंडारा जिल्ह्यात रेल्वेने येणाऱ्या माणसाला स्टेशनवर उतरल्यावर सगळ्यात आधी एकच गोष्ट कळते, ती म्हणजे तो अजून पोचलेला नाही. पिवळ्या पाटीवर लिहिलेलं असतं 'भंडारा रोड'. हे गाव खरं तर वरठी. भंडारा शहर इथून दहाएक किलोमीटर दूर. गाडी पुढे गेली की येतं 'तुमसर रोड'. ते गाव देव्हाडी, तुमसर आणखी चार-पाच किलोमीटर. आणि खाली दक्षिणेला, नागपूर–नागभीड छोट्या लाईनवर होतं 'पवनी रोड'. तिथे उतरूनही पवनी गाठायला पुढचा रस्ता धरावाच लागायचा.

नाशिक रोड, अक्कलकोट रोड, सावंतवाडी रोड ही नावं सगळ्यांच्या ओळखीची आहेत. स्टेशनच्या नावापुढे 'रोड' लागला की समजायचं, रेल्वे गावापर्यंत आलेली नाही, गावाकडे जाणाऱ्या रस्त्यापर्यंत आली आहे. पण एका छोट्या जिल्ह्यातल्या तीन जुन्या बाजारगावांना तीन 'रोड' मिळावेत, याला योगायोग म्हणून सोडून देता येत नाही. मी पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये आहे. महाराष्ट्र एक्सप्रेसने घरी जाताना हा प्रश्न वर्षानुवर्षं डोक्यात होता: इथल्या वाटा नेमक्या कोणासाठी बांधल्या गेल्या?

पाणी उतरलं की रस्ता

रेल्वेच्या आणि डांबराच्या आधी इथे वैनगंगा होती. मध्य प्रदेशातल्या शिवनी जिल्ह्यात मुंडारा इथे ती उगम पावते, बालाघाटवरून खाली येते आणि भंडारा जिल्ह्याचे दोन भाग करते. भंडारा, मोहाडी, तुमसर ही तालुक्यांची गावं एका बाजूला. साकोली, लाखनी, लाखांदूर दुसऱ्या बाजूला. पात्र रुंद आणि रेतीचं. उन्हाळ्यात गुडघाभर पाणी, आणि आषाढात समोरच्या काठावरचा माणूस ओळखू येणार नाही इतका फुगवटा.

नदी पायी ओलांडता येते त्या जागेला मराठीत 'उतार' म्हणतात. प्रवाशाला आपण 'उतारू' म्हणतो. दोन्ही शब्द 'उतरणे' यातूनच आले आहेत. रेल्वेने हा शब्द उचलला आणि आज आपल्याला उतारू म्हटलं की डबा आणि तिकीट आठवतं. पण या शब्दाच्या तळाशी नदी आहे. पलीकडे उतरतो तो उतारू.

पवनी हे गाव अशाच नदीकाठी वाढलं. १९६९-७० मध्ये नागपूर विद्यापीठ आणि भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाने जगन्नाथ टेकडीवर केलेल्या उत्खननात तिथे प्राचीन बौद्ध स्तूप सापडला. गावाभोवती तट आणि खंदक होता. दोन हजार वर्षांपूर्वी लोक इथे येत होते, थांबत होते, दान देत होते. त्या काळी पवनी आडबाजूला नव्हती. आडबाजूला ती नंतरच्या नकाशांनी नेली.

माझ्या आजीचं माहेर नदीपलीकडे. सरळ रेषेत मोजलं तर चार किलोमीटरसुद्धा नाही. ती म्हणायची, "पानी उतरला का माहेर जवर, पानी चढला का दूर." माघ-फाल्गुनात ती सकाळचा स्वयंपाक आटोपून निघायची आणि दुपारच्या जेवणाला भावाच्या घरी असायची. पावसाळ्यात तोच प्रवास म्हणजे लांबच्या पुलापर्यंत जाऊन वळसा घालायचा, नाहीतर डोंग्यात बसायचं. तिची आई श्रावणात गेली. निरोप नदी ओलांडून आला तेव्हा दोन दिवस होऊन गेले होते.

आमच्या कामात रस्त्यांचं जाळं मांडताना गावं म्हणजे बिंदू आणि रस्ते म्हणजे त्यांना जोडणाऱ्या रेषा. प्रत्येक रेषेला एक अंतर. आजीच्या नकाशातली रेषा मात्र जूनमध्ये पुसली जायची आणि दसऱ्यानंतर परत उमटायची. फोनवरच्या नकाशात ही रेषा कधी दिसत नाही, कारण तिथे रस्ता एकतर असतो किंवा नसतो.

डोंगा, नावाडी आणि १८७८ चा कायदा

पाणी चढलं की माणसं डोंग्याने जायची. डोंगा म्हणजे मुळात एकाच मोठ्या झाडाचं खोड कोरून केलेली होडी. बैल किंवा सामान न्यायचं तर दोन डोंगे एकमेकांना बांधायचे. चालवणारे बहुतेक ढिवर किंवा केवट. मासेमारी, पाणी वाहणं, पूर्वीच्या काळी पालखी उचलणं, म्हणजे माणसं आणि पाणी यांच्यामधली जवळजवळ सगळी कामं याच लोकांकडे होती. आजीच्या गावात नावाड्याला दर खेपेला पैसे देत नसत. धान निघालं की खळ्यावर त्याचा वाटा बाजूला काढत. वर्षभराची ही वर्गणीच म्हणायची. त्या बदल्यात अपरात्री हाक मारली तरी त्याने यायचं, असा अलिखित करार होता.

ब्रिटिशांनी या व्यवहारात कायदा आणला. १८७८ चा 'नॉर्दर्न इंडिया फेरीज ॲक्ट' मध्य प्रांतालाही लागू होता. सरकार एखादा घाट 'सार्वजनिक' म्हणून जाहीर करी आणि तिथल्या उताराच्या वसुलीचा लिलाव होई. एकदा घाट सार्वजनिक झाला की त्याच्या दोन मैलांच्या आत दुसऱ्या कोणी परवानगीशिवाय नाव चालवायची नाही. म्हणजे गावच्या डोंग्याचा एका रात्रीत बेकायदा धंदा होऊ शकत होता. पण याच कायद्यात आणखीही काही होतं: ठेकेदाराने दरांचा तक्ता घाटावर लोकांना दिसेल असा लावायचा, आणि नावेत किती माणसं बसवायची याचे नियम सरकारने करायचे. हे शेवटचं कलम लक्षात ठेवा, पुढे त्याचं काम आहे.

त्याच सुमारास नदीबद्दल एक भव्य स्वप्नही पाहिलं गेलं. गोदावरी आणि तिच्या वरच्या उपनद्यांतून आगबोटी चालवायच्या आणि मध्य प्रांताचा कापूस थेट पूर्व किनाऱ्यावर न्यायचा. आर्थर कॉटनसारखे अभियंते या कल्पनेच्या मागे होते. वैनगंगा आणि वर्धा एकत्र येऊन प्राणहिता होते आणि ती गोदावरीला मिळते; त्यामुळे कागदावर भंडारा समुद्राला जोडलेलाच होता. पण मधल्या खडकाळ टप्प्यांनी दाद दिली नाही. कालवे आणि बंधारे यांवर बराच पैसा ओतल्यावर १८७१ मध्ये योजना सोडून देण्यात आली. १८६७ मध्ये मुंबईकडून रेल्वे नागपूरला येऊन पोचली होती. कापसाला आगबोटीची गरजच उरली नाही. ढिवरांचा डोंगा मात्र चालूच राहिला.

बंडीची वाट

जमिनीवरचा प्रवास बैलांच्या जोरावर चाले. माल वाहायला बंडी, माणसांना न्यायला हलकी खासर किंवा रेंगी. बैल हाकणारा तो धुरकरी. झाडीपट्टीत आजही मंडईला किंवा शंकरपटाला गेलात तर ही भाषा कानावर पडते. लाखनीच्या पटाचं नाव तर लांबवर आहे.

पण बंडी इथे बारमाही चालत नसे. हा धानाचा मुलूख आहे. शेतं म्हणजे चारही बाजूंनी धुरे घातलेल्या बांध्या. पावसाळ्यात बांधीत पाणी साठवायचं असतं, म्हणजे आषाढ ते कार्तिक सगळा मुलूखच उथळ तळं होतो. त्यात कोहळी लोकांनी पिढ्यान्‌पिढ्या बांधलेले तलाव. जिल्ह्याला तलावांचा जिल्हा म्हणतात ते उगाच नाही. पण जी जमीन पाणी धरून ठेवते ती चाक सोडत नाही. पावसाळ्यात तलावाची पाळ हाच काय तो कोरडा रस्ता.

या मुलखातून आरपार जाणारी मोठी वाट होती नागपूर–रायपूरची. भंडारा, लाखनी, साकोली, देवरी करत ती छत्तीसगडात उतरे. तांड्याने फिरणारे बंजारे बैलांच्या पाठीवर छत्तीसगडचं धान्य इकडे आणत आणि मीठ तिकडे नेत. १८६१ मध्ये मध्य प्रांत तयार झाला; रिचर्ड टेम्पल १८६२ ते १८६७ या काळात तिथले चीफ कमिशनर होते आणि नागपूरहून फुटणारे पक्के रस्ते ही त्यांच्या कारभाराची मोठी खटपट होती. नागपूर–रायपूरच्या वाटेला 'ग्रेट ईस्टर्न रोड' हे नाव पडलं. रायपुरात तिला आजही जीई रोड म्हणतात. पुढे ती राष्ट्रीय महामार्ग ६ झाली, आता ५३ आहे.

याही रस्त्याकडे बघताना एक गोष्ट जाणवते. भंडारा या रस्त्यावर होता, पण रस्ता भंडाऱ्यासाठी नव्हता. पलीकडच्या धान्याला अलीकडच्या बाजारात आणण्यासाठी तो होता.

गाडी आली, पण कोणासाठी?

१८७६-७८ च्या दुष्काळाने सरकारला एक धडा दिला. एका भागात धान्य पडून असतं आणि दुसरीकडे माणसं उपाशी मरतात, कारण मधे नेण्याची सोय नसते. छत्तीसगड म्हणजे तेव्हा बंद कोठारच. ते उघडण्यासाठी नागपूर–छत्तीसगड रेल्वे काढण्यात आली. १८८० च्या दशकाच्या सुरुवातीला नागपूर ते राजनांदगाव मीटर गेज गाड्या धावू लागल्या. १८८७ मध्ये बंगाल नागपूर रेल्वे कंपनी उभी राहिली, तिने ही लाईन घेतली आणि रुंद केली. १८९१ मध्ये नागपूर आसनसोलला जोडलं गेलं. १९०० पर्यंत हावडा ते मुंबई असा नागपूरवरून जाणारा थेट मार्ग झाला.

ही लाईन भंडारा शहराच्या उत्तरेकडून गेली आणि वैनगंगा तिने तुमसरपुढे माडगीजवळ ओलांडली. आजही पुलावरून जाताना पात्रातली नृसिंहाची टेकडी दिसते. कार्तिक पौर्णिमेला तिथे मोठी यात्रा भरते. या लाईनला मधल्या गावांशी फार देणंघेणं नव्हतं; तिला धान्य आणि पुढे कोळसा, लोखंड, कलकत्ता ही ओढ होती. वाटेतल्या गावांनी रस्ता बांधून तिच्यापर्यंत यायचं. म्हणून भंडारा 'रोड', तुमसर 'रोड'.

पुढच्या काळात छोट्या लाईनी आल्या. गोंदियाहून जबलपूरकडे १९०३ नंतर, नागभीडकडे १९०८ च्या सुमारास. अडीच फुटी रूळ, चढावर धापा टाकणारं इंजिन. साकोलीकरांना सौंदड स्टेशन मिळालं, पवनीकरांना पवनी रोड. इमारती लाकूड, बांबू, तेंदूपत्ता, धान या लाईनींनी बाहेर गेलं. माणसंही गेली, पण माल जितका नेमाने गेला तितकी ती गेली नाहीत. नागपूर–नागभीडची छोटी गाडी रुंदीकरणासाठी नोव्हेंबर २०१९ मध्ये बंद झाली.

जंगलात गेलेली लाईन

जिल्ह्याचा सगळ्यात दुर्गम कोपरा उत्तरेला आहे. तुमसरच्या वर आंबागडचा किल्ला, गायमुखचं महादेवाचं ठाणं, नाकाडोंगरीचं जंगल, बावनथडी नदी, आणि मग मध्य प्रदेश. सातपुड्याची शेवटची टेकाडं इथे येऊन संपतात. भंडारा शहराला जी रेल्वे दारापर्यंत मिळाली नाही, ती या जंगलात मात्र खोलवर गेली. तुमसर रोडहून तुमसर टाऊन, गोबरवाही, डोंगरी बुजुर्ग आणि शेवटी तिरोडी.

याचं कारण जमिनीत आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मध्य प्रांतात मँगनीजच्या खाणी सुरू झाल्या. पोलाद बनवायला मँगनीज लागतं आणि युरोपातल्या भट्ट्यांना ते हवं होतं. चिखला आणि डोंगरी बुजुर्ग या खाणी याच पट्ट्यातल्या. १९६२ मध्ये सरकारने ब्रिटिश कंपनीत मोठा हिस्सा घेतला, तीच आजची मॉईल. डोंगरी बुजुर्गच्या खाणीतून मँगनीज डायऑक्साइड निघतं. ते विजेरीच्या साध्या सेलमध्ये वापरतात. म्हणजे अंधारात घाटावर हाक मारताना माणसाच्या हातात जी बॅटरी असायची, तिच्यातली काळी पूड कदाचित वीस कोसांवरूनच निघून, देशभर फिरून, परत आली असेल.

खाणीसाठी टाकलेल्या रुळांवर पॅसेंजर गाडीही धावू लागली. तुमसरच्या बाजाराला, दवाखान्याला, कॉलेजला येण्यासाठी या पट्ट्यातल्या लोकांना तीच गाडी. अलीकडे तिरोडी ते कटंगी रूळ जोडल्याने बालाघाटकडे जाण्याची सोयही झाली. पण मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली तेव्हा देशभर प्रवासी गाड्या थांबल्या आणि मालगाड्या चालू राहिल्या. त्या निर्णयाला कारणं होती, धान्य आणि कोळसा पोचवणं भागच होतं. तरी त्या दिवसांत मला या जिल्ह्याचा दीडशे वर्षांचा हिशेब एका ओळीत दिसला. गाडी मालासाठी असते. जागा उरली तर माणूस.

त्याच उन्हाळ्यात महामार्ग ५३ वरून छत्तीसगड आणि ओडिशाकडे निघालेले मजूर चालत गेले. बंजाऱ्यांच्या जुन्या वाटेने, पायी. लाखनी-साकोलीच्या लोकांनी त्यांना पाणी दिलं, जेवण दिलं. ग्रेट ईस्टर्न रोडवरून बाजूने ट्रक जात होते.

पूल झाले, धरणही झालं

स्वातंत्र्यानंतर चित्र बदललं हे नाकारता येत नाही. मोठे पूल झाले. विदर्भात आधी मध्य प्रांताची स्वतःची बससेवा होती. महाराष्ट्र झाल्यावर १९६१ मध्ये ती एसटी महामंडळात आली. स्टेशनचा टांगा गेला, काळीपिवळी आली, आता ई-रिक्षा. मानव विकास कार्यक्रमातल्या निळ्या बसमध्ये शाळेच्या मुलींना तिकीट लागत नाही, आणि याच कार्यक्रमातून लांबच्या मुलींना सायकली मिळाल्या. माझ्या मते, या जिल्ह्याच्या इतिहासात मुद्दाम माणसांसाठी, मालासाठी नव्हे, आखलेली ही पहिली मोठी वाहतूक. म्हणूनच २०२१-२२ च्या संपात एसटी थांबली तेव्हा गावातल्या मुलींची शाळाच थांबली.

भंडाऱ्याला लागून कारधा इथे वैनगंगेवर ब्रिटिशकालीन लहान पूल आहे. मोठा पूल झाला तरी जिल्हा पूर मोजतो तो लहान पुलाजवळ. तिथली धोक्याची पातळी २४५.५० मीटर. ऑगस्ट २०२० च्या अखेरीस वरच्या धरणांचं पाणी आलं, पातळी त्याच्या कितीतरी वर गेली आणि भंडारा शहराचा मोठा भाग बुडाला. त्या दोन-तीन दिवसांत शहरात माणसं हलवायला काय लागलं? नावा.

आणि गोसीखुर्द. पवनीजवळच्या या धरणाची कोनशिला २२ एप्रिल १९८८ रोजी राजीव गांधींच्या हस्ते बसली. अनेक गावं उठली, पुनर्वसनाचे वाद अजून मिटलेले नाहीत. त्याबद्दल बरंच लिहिलं गेलं आहे. कमी बोललं जातं ते उतारांबद्दल. धरणाचं पाणी भंडाऱ्यापर्यंत मागे तुंबतं. जिथे माघ-फाल्गुनात माणसं रेतीतून चालत जात, तिथे आता बारा महिने खोल पाणी. पूर्वी पूल नसल्याची अडचण चार-पाच महिन्यांची असे. काही काठांवर ती आता वर्षभराची झाली. पलीकडे शेत असलेल्या माणसाला मे महिन्यातही डोंगाच लागतो. पाण्याने सिंचन दिलं, आणि त्याच पाण्याने पायवाट नेली.

घाटावर पाटी नाही

जानेवारी २०२४ मध्ये याच वैनगंगेच्या खालच्या अंगाला, गडचिरोलीच्या चामोर्शी तालुक्यात गणपूरच्या घाटावर, मिरची तोडायला पलीकडे निघालेल्या मजूर बायकांची नाव उलटली आणि बायका बुडाल्या. दिवसाची मजुरी नदीपलीकडे होती आणि तिथे जायला दुसरं साधन सोयीचं नव्हतं. बातमी चार दिवस चालली.

आता १८७८ च्या कायद्यातलं ते कलम आठवा. परक्या सरकारने वसुलीसाठी केलेला कायदा, तरी त्याला घाटावर पाटी लावणं आणि नावेत किती माणसं बसतील हे ठरवणं सुचलं होतं. आज ज्या छोट्या घाटांवरून रोज मजूर, शेतकरी, शाळेची पोरं जातात, त्यांतल्या मी पाहिलेल्या एकाही घाटावर पाटी नाही, लाइफ जॅकेट नाही, आणि तिथे घाट आहे याची फोनच्या नकाशात नोंदही नाही. भंडाऱ्यातून आता समृद्धी महामार्गाचा गोंदियापर्यंतचा विस्तार आखला आहे. तो होईल. नागपूरहून गोंदियाला लवकर पोचता येईल. पण त्याने नदीच्या या काठावरची बाई त्या काठावरच्या शेतात सुखरूप पोचेल असं नाही. ते काम वेगळं आहे, आणि त्याला महामार्गाच्या मानाने नगण्य पैसा लागतो.

पूल बांधणं माझ्या हातात नाही. नकाशा आहे. ओपनस्ट्रीटमॅप कोणालाही दुरुस्त करता येतो आणि त्यात नावेच्या मार्गाची नोंद करण्याची सोय आहे. मी माझ्या ओळखीच्या घाटांपासून सुरुवात केली आहे: घाटाचं नाव, दोन्ही काठांवरची गावं, नाव कोणत्या महिन्यांत चालते, पाणी किती महिने असतं. आपत्ती व्यवस्थापनाच्या माणसाला पुराच्या रात्री हीच माहिती लागते. तुमचं गाव वैनगंगेच्या, चुलबंदच्या किंवा बावनथडीच्या काठी असेल, तर तुमच्या घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाला विचारा, पूर्वी उतार कुठे होता आणि आता डोंगा कुठे लागतो. उत्तर मिळालं की नकाशावर टाका. महिनेही लिहा, महिन्यांशिवाय ती नोंद अर्धवट आहे.